ऑडॅसिटीतून फोनचा आवाज: प्रिसेट अर्धवट, खरी गंमत एक्स्पोर्टमध्ये

श्रुतिकेत, पॉडकास्टमध्ये किंवा गाण्यात एखादी ओळ फोनवरून आल्यासारखी हवी असेल, तर फुकट मिळणारं ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी (इथे आवृत्ती ३) त्या कामाला पुरून उरतं. फक्त ‘फिल्टर कर्व्ह ईक्यू’ (आवाजातले खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा इफेक्ट) यातला ‘टेलिफोन’ प्रिसेट, म्हणजे तयार मांडणी, लावून थांबू नका. त्यानं आवाज बारीक होतो, पण स्वच्छच राहतो. फोनचा खरखरीतपणा त्यात येत नाही.

मूळ ट्रॅक आधी कंट्रोल-डी करून दुहेरी करा, कारण हाय-पास (खालचे सूर कापणारा) आणि लो-पास (वरचे सूर कापणारा) हे फिल्टर इथे थेट ऑडिओवर बसतात. गाणं वाजत असताना ते फिरवून बघता येत नाहीत. या सॉफ्टवेअरची मला खटकणारी सर्वांत मोठी उणीव हीच. ट्रॅक मोनो करा, कॉम्प्रेसर (हळू-मोठ्या आवाजातली तफावत कमी करणारा इफेक्ट) जरा जोरात लावा. रेकॉर्डिंगमध्ये खोलीचा घुमारा असेल तर तो इथे वर येतो आणि पुढे सहजासहजी जात नाही, म्हणून माइक जवळ धरून कोरडा आवाजच घ्या.

मग हाय-पास ३०० हर्ट्झ, लो-पास ३४०० हर्ट्झ. जुन्या टेलिफोन लाइनचा पट्टा एवढाच. रोल-ऑफ, म्हणजे कापण्याचा उतार, २४ किंवा ३६ डीबी ठेवा. ६ डीबीवर उतार इतका हळू असतो की छातीतला आवाज शिल्लक राहतो आणि परिणाम फसतो. त्यानंतर ‘डिस्टॉर्शन’मधलं सॉफ्ट क्लिपिंग (आवाजाची टोकं हलकेच दाबून तो किंचित फाटका करणं), अगदी थोडं. त्यातून ३४०० च्या वर नवे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तयार होतात, म्हणून लो-पास पुन्हा एकदा लावा. ही दुसरी फेरी बरेच जण विसरतात, आणि मग आवाज फोनऐवजी फाटक्या स्पीकरसारखा लागतो.

आता एक्स्पोर्ट. फॉरमॅटमध्ये ‘अदर अनकंप्रेस्ड फाइल्स’, हेडर वेव्ह, चॅनल मोनो, सॅम्पल रेट ८०००. एन्कोडिंगमध्ये (आवाज आकड्यांत साठवायच्या पद्धतीत) ए-लॉ निवडलं तर लँडलाइन मिळते; भारतातल्या डिजिटल एक्स्चेंजांत हीच ८ बिटांची पद्धत चालत आली. जीएसएम ६.१० निवडलं तर सुरुवातीच्या मोबाइलचा १३ किलोबिटचा, जरा पाणचट, गुळगुळणारा आवाज येतो. ती फाइल परत प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करा. हा आवाज नकली वाटत नाही, कारण तो खरोखरच फोनच्या कोडेकमधून, म्हणजे आवाज आकुंचित करून परत उलगडणाऱ्या पद्धतीतून, गेलेला असतो. ऑडिओ ईझ कंपनीचं स्पीकरफोन हे विकतचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) खऱ्या स्पीकरांचे इम्पल्स, म्हणजे त्यांच्या आवाजाचे नमुने, देतं, कामही झटपट होतं. पण दोन-चार ओळींसाठी पैसे मोजायची गरज नाही.

रस्त्याची गर्दी हवी असेल तर ती कोडेकच्या आधी मिसळा. जीएसएम एका माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेलं असल्यामुळे गर्दीचा चुरा होतो, आणि तोच हवा असतो. लाइनची खरखर मात्र नंतर टाका: ‘जनरेट’मधला पिंक नॉइज (एकसारखी सळसळ), अँप्लिट्यूड ०.००५ च्या आसपास, त्यालाही तेच दोन फिल्टर.

संवाद लिहिणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. ‘स’ची धार बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर असते, ती इथे कापली जाते, ‘साठ हजार’चे ‘आठ हजार’ ऐकू येऊ शकतात. कथानक त्या आकड्यावर उभं असेल तर समोरच्या पात्राकडून तो परत म्हणवून घ्या. मिक्समध्ये हा ट्रॅक मुख्य आवाजापेक्षा ३-४ डीबी खाली ठेवा, कारण उरलेला पट्टा कानाला जास्त टोचतो.