अ‍ॅसायक्लोव्हिर ५ टक्के क्रीम: पहिल्या दिवशी कामाची, तिसऱ्या दिवशी वाया

ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा पुंजका उठला की कुणी म्हणतं झुरळ चाटलं, कुणी म्हणतं अंगातली उष्णता. बहुतेक वेळा तो हर्पिस सिम्प्लेक्सचा, ओठांवर सहसा टाइप १ चा, विषाणू असतो. मग मेडिकलमधून पाच ग्रॅमची ट्यूब येते. झोविरॅक्स, अ‍ॅसिव्हिर, हर्पेक्स, खोक्यावरचं नाव कुठलंही असो, औषध तेच: अ‍ॅसायक्लोव्हिर ५ टक्के. पाचपैकी अडीच गुण. औषध खोटं नाही, पण त्याची वेळ फार थोडी आणि ती बहुतेकांची हुकते.

फोड दिसण्याआधी सहा ते चोवीस तास ओठाचा तेवढाच भाग चुणचुणतो, खाजतो किंवा ताणल्यासारखा वाटतो. क्रीमची खरी वेळ ती. तेव्हा विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूतून उतरून त्वचेत वाढत असतो आणि अ‍ॅसायक्लोव्हिर ती वाढच रोखतं. फोड फुटून खपली धरली की रोखायला फारसं काही उरलेलं नसतं. शिवाय क्रीम त्वचेच्या खालच्या थरापर्यंत नीट झिरपत नाही. त्यामुळे वेळेत लावूनही चाचण्यांमध्ये फोड सरासरी अर्धाच दिवस लवकर बरा झाला. एरवीही तो सात-दहा दिवसांत आपोआप जातो.

लावायचंच तर दर चार तासांनी, जागेपणी पाच वेळा, चार-पाच दिवस. मुगाच्या दाण्याएवढं पुरतं. कापसाच्या काडीने टेकवायचं, चोळायचं नाही, आणि आधी-नंतर हात धुवायचे. फोडाला लागलेलं बोट डोळ्याला लागलं तर विषाणूही तिकडे जाऊ शकतो. ही ट्यूब डोळ्यात घालायची नाही. डोळ्याचं ३ टक्के मलम वेगळं असतं. डोळा लाल होऊन उजेड सहन होत नसेल तर थेट नेत्रतज्ज्ञ. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब तर अजिबात नकोत, त्यांनी बुबुळावरची जखम पसरते.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चुकीच्या दुखण्यावर. तोंड आलं, म्हणजे गालाच्या आत पांढरट छाले पडले, तर ते सहसा हर्पिस नसतं. नागिणीलाही 'हर्पिस' म्हणतात, पण तो कांजिण्यांचा विषाणू. तिथे क्रीम पुरत नाही, गोळ्या लागतात आणि त्याही पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम. जननेंद्रियांवरच्या हर्पिसला क्रीमचा उपयोग नगण्य. पहिल्या वेळी डॉक्टर साधारण ४०० मिलिग्रॅम अ‍ॅसायक्लोव्हिर दिवसातून तीनदा, सात ते दहा दिवस देतात. निदान ताज्या फोडातल्या पाण्याच्या पीसीआरने, म्हणजे थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीने करावं. रक्तातल्या प्रतिपिंडांची आयजीएम चाचणी इथे दिशाभूल करते, तरी ती सर्रास लिहिली जाते.

ओठांसाठीही गोळी क्रीमपेक्षा सरस. व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम, बारा तासांनी पुन्हा २ ग्रॅम, बस्स, एका दिवसाचा कोर्स. चुणचुण सुरू होताच घेतलं तर दुखणं साधारण एक दिवस कमी होतं. डोस मोठा आहे, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पाणीही भरपूर प्यायला हवं. वर्षात सहापेक्षा जास्त वेळा उठत असेल तर रोजच्या छोट्या डोसबद्दल विचारा. उन्हाने उठत असेल तर एसपीएफ ३० चा लिप बाम कामी येऊ शकतो.

कुठलंच औषध विषाणूला शरीरातून काढत नाही; तो मज्जातंतूंच्या गाठींत झोपून राहतो. फोड नसतानाही तो अधूनमधून त्वचेवर येतो आणि तेव्हाही पसरू शकतो. म्हणून जननेंद्रियांवरच्या हर्पिसमध्ये कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही. फोड असताना चुंबन, एकच ग्लास, एकच लिपस्टिक नको. बारशाला गेलात आणि ओठ चुणचुणत असेल तर बाळाचा पापा घेऊ नका. तान्ह्या बाळाला हा विषाणू मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो.

ट्यूब घ्यायचीच असेल तर पुढच्या खेपेसाठी आधीच घेऊन पर्समध्ये ठेवा, आणि एकाची ट्यूब दुसऱ्याला देऊ नका. दहा दिवसांत फोड भरला नाही, किंवा मधुमेह, केमोथेरपी, एचआयव्ही असेल, तर ट्यूब बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.