आयर्न मॅनचा १३० तुकड्यांचा मेक: कुणासाठी घ्यावा, घेताना काय पाहावं

बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत ‘लेगो द्या’ म्हटलं की दुकानदार फळीवरून जो डबा काढतो, तो लेगोचाच असेल असं नाही. झेरॉक्सचं जे झालं तेच इथे: जोडायचा प्रत्येक ब्लॉक म्हणजे लेगो. त्यामुळे चित्रावर जाऊ नये, डब्यावरचा आकडा वाचावा. इथे ज्याचं परीक्षण आहे त्याचा आकडा ७६२०३. लेगोच्या मार्वल मालिकेतला आयर्न मॅन मेक आर्मर (मेक म्हणजे आत बसून चालवायचा यंत्रमानव), २०२२ साली आलेला, तुकडे १३०, वय ६ आणि पुढे. आत आयर्न मॅनची एक बोटभर आकृती आणि तिला बसवायचा साधारण १२ सेंटिमीटर उंचीचा लाल-सोनेरी यंत्रमानव. यंत्रमानवाची छाती उघडते, आकृती आत बसते, हात-पाय हलतात. एवढाच पसारा.

निकाल आधीच सांगून टाकू. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला द्यायला हा सेट उत्तम आहे. दहाच्या पुढच्या मुलाला देऊ नये; ते अर्ध्या तासात जोडून मोकळं होईल आणि ‘पुढचा कुठाय?’ म्हणून विचारेल. सहा वर्षांचं पोर मात्र पहिल्या खेपेला तास-दीड तास शांत बसतं. घरच्यांच्या दृष्टीने हीच मोठी वसुली.

जोडणीची पुस्तिका या सेटची सगळ्यात चांगली बाजू. पायऱ्या सगळ्या चित्रांतून आहेत. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर असावी यावरून जिथे इतकी वर्षं वाद चाललाय, तिथे मराठी शाळेतलं, कन्नड शाळेतलं आणि कॉन्व्हेंटमधलं पोर एकाच पानावरून एकाच वेगाने पुढे जातं, हे पाहायला बरं वाटतं. प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्या पायरीला कोणते तुकडे आणि किती, ते त्यात दिलेलं असतं. मुलं चौकट सोडून थेट मोठ्या चित्राकडे बघतात आणि तिथेच चुकतात. शिस्त एकच लावायची: आधी चौकटीतले तुकडे मोजून हातावर घ्यायचे, मग जोडायचं. पायरी झाली आणि हातावर तुकडा उरला, तर चूक त्याच पायरीत आहे. मागची पानं उलटायची गरज नाही.

दुसरी नेहमीची चूक जाडीची. पातळ तुकडा, ज्याला प्लेट म्हणतात, तो ३.२ मिलिमीटर जाड असतो आणि पूर्ण ब्लॉक ९.६ मिलिमीटर. म्हणजे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक ब्लॉक. चित्रात वरून पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात, बाजूची जाडी बघितल्याशिवाय फरक कळत नाही. धडात एका जागी प्लेटऐवजी ब्लॉक बसला तर तेव्हा काहीच बिघडत नाही. पाच-सहा पायऱ्यांनी छातीचं दार अडायला लागतं आणि मग सगळं उसवावं लागतं. तिसरी चूक डाव्या-उजव्याची. एक हात झाला की दुसरा त्याचा आरसा असतो, पण मूल दुसराही पहिल्यासारखाच करतं. म्हणून पहिला हात जोडून झाला की तो बाजूला ठेवायचा नाही, समोर ठेवून दुसरा करायचा.

शेवटी एक-दोन बारीक तुकडे उरतील. ती चूक नव्हे. एका स्टडाचे, म्हणजे वर एकच गोल उंचवटा असलेले, आणि त्याहून लहान तुकडे कंपनी मुद्दाम एखादा जास्त टाकते, कारण वजनावर भरताना इतक्या हलक्या तुकड्याची कमी-जास्त पकडता येत नाही आणि हरवतातही तेच. ते ठेवायला कुंद्याच्या मिठाईचा रिकामा प्लास्टिकचा डबा कामाला येतो. जोडणी मात्र काठ असलेल्या स्टीलच्या ताटात करावी. फरशीवर घरंगळलेला पारदर्शक तुकडा संध्याकाळी पायाखालीच सापडतो.

यंत्रमानवाचे सांधे गोळी-वाटीचे आहेत. एका तुकड्याला गोळी, दुसऱ्याला वाटी, आणि गोळी वाटीत टक्क करून बसते. ती सरळ दाबावी. तिरकी घालून पिळली तर वाटीच्या काठावर पांढरी रेघ उमटते; प्लास्टिक तिथे ताणलं गेलंय याची ती खूण. दाबताना वाटीचा तुकडा ज्या जागी जोडलाय ती जागा दुसऱ्या हाताच्या बोटांनी मागून धरावी, नाहीतर सांधा बसतो पण खांदाच उखडून हातात येतो. रोज खेळून सांधे हळूहळू सैल होतात आणि हात वर राहत नाही. गोळीवर रंगहीन नेलपॉलिशचा एक अगदी पातळ हात द्यावा, रात्रभर वाळू द्यावा, मग जोडावं. ओलं असताना वाटीत घातलं तर कायमचं चिकटेल.

नाराजी गुडघ्यांवर आहे. ते नाहीत. पाय कमरेत हलतात, पावलात हलतात, मध्ये मात्र काठीसारखे सरळ. बसलेला, गुडघा टेकलेला, उडी मारायच्या पवित्र्यातला आयर्न मॅन यातून होत नाही. शिवाय गुडघा नसल्याने तोल सांभाळायची सगळी जबाबदारी पावलांवर येते. दोन्ही हात पुढे केले की वजन पुढे जातं आणि गडी तोंडावर पडतो. एक हात पुढे असेल तर दुसरा मागे घ्यावा, पावलं खांद्याइतकी फाकवावीत, एक पाऊल अर्धा बोट मागे ठेवावं. मग टेबलाला धक्का लागला तरी उभा राहतो. या आकाराच्या स्वस्त मेकमध्ये ही काटकसर नेहमीचीच आहे, तरी खटकते.

आता नकलेचा मुद्दा, कारण आपल्याकडे खरा प्रश्न तोच आहे. हुबेहूब असंच चित्र, जवळपास तेवढेच तुकडे, किंमत कितीतरी कमी, असा विनानावाचा डबा बाजारात, जत्रेत, निपाणी-खानापूरच्या आठवडी बाजारात मिळतो. तो घ्यावा का? उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, ज्यांनी एक दिवस जरी काम केलंय त्यांना उत्तर पटकन पटेल, कारण इथे सगळा मामला मापाचा आहे. वरचा स्टड ४.८ मिलिमीटर व्यासाचा असतो. तो वरच्या ब्लॉकच्या भिंती आणि आतली नळी यांच्या मध्ये अडकतो; या नळीच्या रचनेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं आहे. अडकणं म्हणजे अगदी सूक्ष्म दाब. जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, थोडा बारीक गेला तर ब्लॉक गळून पडतो, थोडा जाड झाला तर निघता निघत नाही आणि मूल दातांनी ओढतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा हा खेळ आहे. ज्याच्या साच्याची झीज कुणी मोजत नाही, त्या डब्यातले काही तुकडे घट्ट, काही सैल निघणारच.

याहून जास्त छळतो तो साठत जाणारा फरक. दोन स्टडांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर हवं. त्यात एका स्टडामागे दहावा भाग मिलिमीटर जरी चूक झाली, तरी आठ स्टडांच्या प्लेटवर ती पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाते. मग प्लेट मधून फुगते, एका टोकाला दाबली की दुसरं टोक सुटतं. दुकानात डबा उघडून दाखवत असतील तर दोन चाचण्या तिथल्या तिथे होतात. चार बाय दोन स्टडांचे दोन ब्लॉक टोकाला टोक लावून ठेवून वर आठ स्टडांची लांब प्लेट दाबावी आणि डोळ्याच्या रेषेत धरून मध्ये उजेड दिसतो का पाहावं. मग सात-आठ ब्लॉक एकावर एक जोडून वरचा चिमटीत धरावा आणि झटकावं. खालचे सुटले तर डबा परत करावा. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं अवजार, हाताशी असेल तर चार बाय दोनचा ब्लॉक ३१.८ बाय १५.८ मिलिमीटर भरायला हवा. कडेला बोट फिरवावं. साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेला पातळ पापुद्रा, म्हणजे कारखान्यात ज्याला फ्लॅश म्हणतात तो, बोटाला लागला तर बाकी काही तपासायची गरज नाही.

साधी घरं, भिंती, बुरूज करायला स्वस्त ब्लॉक चालून जातात. तिथे थोडी सैल पकड खपते. मेकमध्ये मात्र सगळं वजन चार सांध्यांवर लोंबतं. सैल वाटी म्हणजे लोळागोळा. त्यामुळे पैसे वाचवायचेच असतील तर ते घराच्या सेटवर वाचवावेत, यंत्रमानवावर नव्हे.

खूण कोणती बघायची? १ जानेवारी २०२१ पासून भारतात मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाजवळ सीएम/एल असं लिहून परवान्याचा आकडा असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये घातला की परवाना कुणाचा ते कळतं. नुसतं चिन्ह छापणं सोपं आहे, म्हणून आकडा तपासावा. किमतीचंही एक सांगायला हवं. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशातल्या किमतीचं रुपयांत रूपांतर करून दुकानदाराशी हुज्जत घालण्यात म्हणूनच अर्थ नाही. हुज्जत घालायची तर छापील किमतीवर. सेट २०२२ चा असल्याने जुना साठा चढ्या भावाने विकणारे भेटतील. वरून चिकटवलेल्या स्टिकरखाली मूळ एमआरपी आहे का ते पाहावं. किमतीला १३० ने भागून एका तुकड्याचा भाव काढायची पद्धत ठीक आहे, पण त्या १३० मध्ये एका स्टडाचे बारीक तुकडेही धरलेले असतात एवढं लक्षात असू द्यावं.

मूल नऊ-दहाचं असेल आणि आयर्न मॅनच हवा असेल, तर २०२२ चाच ७६२०६ बघावा. ३८१ तुकडे, वय ९ आणि पुढे, उंची सुमारे २३ सेंटिमीटर. इथे आत बसायला कुणी नाही, सगळा पुतळाच आयर्न मॅनचा. छातीत दिव्याचा ब्लॉक आहे आणि दाबून धरलं तोवर तो पेटतो. सतत उजळलेली छाती मिळेल या अपेक्षेने घेऊ नये. आत बटण-सेल आहेत, त्यामुळे घरात रांगणारं बाळ असेल तर हा सेट वरच्या फळीवर. याच पुतळ्याला पोटात घेणारा हल्कबस्टर, म्हणजे आयर्न मॅनचं अवाढव्य चिलखत, ७६२१० सुद्धा आहे, ४,०४९ तुकड्यांचा, उंची अर्ध्या मीटरच्या वर, आणि एवढं करून त्याचेही पाय हलत नाहीत! तो मोठ्या माणसांचा शौक. पोरांच्या नावावर खपवू नये.

आपल्या हवेचं थोडं. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगाव पट्ट्यात जी ओल असते तिचा प्लास्टिकला काही त्रास नाही, पुस्तिकेला आणि स्टिकरांना आहे. पुस्तिका झिप-पिशवीत ठेवावी. ती खराब झाली तरी कंपनीच्या ॲपवर सेटचा आकडा घालून पुन्हा मिळते. स्टिकर लावायचे असतील तर तुकड्यावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब, त्यावर स्टिकर, चाकूच्या बोथट टोकाने सरकवून सरळ करायचा आणि मग कापडाने पाणी बाहेर दाबायचं. कोरड्यावर लावलेला वाकडा स्टिकर सोलून पुन्हा नीट बसत नाही. तुकडे धुवायचे तर कोमट पाणी, ४० अंशांच्या वर नको. वॉशिंग मशीन नको, उन्हात वाळवणंही नको. पंख्याखाली उपडे ठेवावेत, कारण नळीत अडकलेलं पाणी दोन दिवस राहतं. गॅलरीच्या काचेशी मांडून ठेवलेल्या सेटचे पांढरे आणि फिकट राखाडी तुकडे काही वर्षांत पिवळट पडतात.

दोन प्लेटा एकमेकींना घट्ट बसल्या तर नख किंवा दात लावू नयेत. वरच्या प्लेटला वरून एक मोठा ब्लॉक जोडावा, खालच्या प्लेटला खालून दुसरा, आणि दोन्ही ब्लॉक विरुद्ध दिशेने वाकवावेत. तुकडे सोडवायचं नारिंगी अवजार इतक्या लहान सेटमध्ये सहसा नसतं.

वापरलेला सेट घेताना पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवरची यादी समोर ठेवून मोजावं. तिथे प्रत्येक तुकड्याचं चित्र, संख्या आणि कंपनीचा आकडा असतो. एखादा कमी निघाला तर त्या आकड्यावरून सुटा शोधता येतो. सगळ्यात आधी आकृतीचं शिरस्त्राण आणि हाताचे पंजे आहेत का बघावं, कारण हरवतात तेच. मग आकृतीचं धड उजेडात धरून काखेखाली उभी चीर गेलीय का पाहावं. हात ओढून काढलेल्या आकृत्यांना ती हमखास असते. आणि जुन्या सेटांचे सुटे तुकडे कुणी किलोवर विकत असेल, तर त्यातले गडद लाल आणि तपकिरी वेगळे काढून हलकेच दाबून बघावेत. या दोन रंगांचे २०१० च्या आगेमागचे तुकडे ठिसूळ म्हणून बदनाम आहेत, आणि आयर्न मॅन करायचा तर नेमका गडद लालच जास्त लागतो.