झाड झकास, सोबतचं कार्ड बोगस
ऑनलाइन मागवलेलं ग्युझमानिया आलं तेव्हा पॅकिंग एकदम मस्त, एक पान मोडलेलं नव्हतं. 3 महिने झाले तरी लाल तुरा तसाच आहे (ते फूल नाहीच म्हणा, रंगीत पानं आहेत, खरी फुलं आत बारीकशी येतात नि जातात). पण कार्डावर काय तर रोज कुंडीत भरपूर पाणी घाला! अहो हे अननसाच्या खानदानातलं झाड, पाणी पानांच्या मधल्या वाटीत घालायचं, ते पण अधूनमधून ओतून बदलायचं, माती जेमतेम दमट असली तरी बास, नाहीतर मुळं कुजतात. एक स्टार त्याचाच कापला. आणि एकदाच फुलून मूळ झाड हळूहळू जातं हे विकताना सांगायला काय जातं? बुडाशी 2 पिल्लं आलीत, आईच्या निम्मी झाली की वेगळी लावणार.