एजंट न लावता केलेलं रजिस्टर लग्न (विवाह नोंदणी ऑफिसचा रिव्ह्यू)

साडेतीन स्टार देतेय. अर्धा कापला तो वेटिंगमधल्या बंद पंख्यासाठी, उरलेला एक कशासाठी ते येतंच पुढे.

आम्ही स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४ खाली लग्न केलं. गेटबाहेरच एक एजंट भेटला, म्हणाला मॅडम सगळं करून देतो, आठ दिवसांत सर्टिफिकेट हातात. अहो कसं देणार? नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबणं कायद्यातच आहे, ते कोणालाच चुकत नाही. आणि लग्न आधी विधी करून झालं असेल नि फक्त नोंदणी करायची असेल तर तो वेगळा प्रकार, ती या ॲक्टखाली न करता साधी विवाह नोंदणी केली तर तिथे ही थांबायची भानगड नाही. हे दोन्ही लोक जाम मिक्स करतात, मीपण केलेलं.

नोटीस ऑनलाइन भरता येते, पण दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात आधीचे सलग ३० दिवस राहत असायला हवा. नवरा इथे राहतो म्हणून इथे भरली, माझं कायमचं घर साताऱ्याला, तर नोटिशीची एक कॉपी तिकडच्या ऑफिसलाही जाते आणि बोर्डावर लागते. म्हणजे गुपचूप करायचं असेल तर विसरा 😄 माझ्या आत्यानं वाचलीच कुठूनतरी. पण "आम्हाला पसंत नाही" ही हरकत चालत नाही बरं का. वय (मुलगा २१, मुलगी १८), आधीचा जोडीदार हयात असणं, जवळचं नातं, मानसिक आजाराबद्दलच्या अटी, एवढ्यावरच घेता येते.

आता तो एक स्टार. आधारवर माझं मधलं नाव वेगळं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वेगळं, एक वेलांटी फक्त. खिडकीवरच्या बाईंनी ते तिसऱ्या खेपेला सांगितलं! पहिल्याच खेपेला बोलल्या असत्या तर दोन सुट्ट्या वाचल्या असत्या ना. तर कागद नेण्याआधी सगळीकडचं स्पेलिंग जुळवून घ्या, कोणी घटस्फोटित असेल तर कोर्टाचा हुकूम सोबत ठेवा.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. आमचा तिसरा म्हणजे मामा, आधार घरी विसरून आला, मग पार्किंगमधून नवऱ्याच्या मित्राला ओढून आणला. अधिकारी मात्र खरंच छान होते, घाई नाही की काही नाही. त्यांच्यासमोर आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना "मी तुला कायदेशीर पती / पत्नी म्हणून स्वीकारते" असं म्हणायचं असतं, आपल्याला कळेल त्या भाषेत. मंगलाष्टकं नाहीत म्हणून रुसलेल्या आजीनं तेवढ्यात पदर डोळ्याला लावला.

आणि हो, नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरका, नाहीतर परत नोटीस, परत ३० दिवस. आमच्या मागच्या जोडप्याचं मुहूर्त बघण्यात नेमकं तेच झालेलं.