आखूड धावपट्टीवर वाऱ्याचा दगा: वाढीव वेग की माघार?

मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी वळीव दाटला की ढगातून कोसळणारा वारा जमिनीवर फाकतो. समोरचा वारा क्षणात पाठीमागून येतो आणि उतरणाऱ्या छोट्या विमानाचा हवेच्या तुलनेतला वेग एकदम घटतो. एक उपाय म्हणजे वेग वाढवून उतरणे: वारा १५ आणि झोत २५ नॉटचे (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) असल्यास फरकाच्या निम्मे, म्हणजे ५ नॉट वाढवतात. मात्र ६० ऐवजी ६५ नॉटने चाके टेकली तर थांबण्याचे अंतर सुमारे १७ टक्क्यांनी वाढते, आणि आखूड पट्टीवर तेवढी जागा उरतेच असे नाही. दुसरा उपाय, वेळीच पुन्हा वर जाऊन वादळ ओसरू देणे किंवा छत्रपती संभाजीनगरची लांब धावपट्टी गाठणे. त्यासाठी पुरेसे इंधन हवे. किरकोळ झोतांत पहिला उपाय चालतो. वळिवापुढे धुळीचा लोट दिसला, तर माझ्या मते दुसराच.