‘पिल्लं आम्हीच परत घेऊ’ म्हणत गेकोवाल्याने मला ४६,८०० ला बुडवलं

रक्कम आधीच सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. लेपर्ड गेको म्हणजे घरी पाळतात ती ठिपक्यांची पाल. तिचा नर १४,५००, दोन माद्या प्रत्येकी ११,०००, पाठवणीचे २,८०० आणि पिल्लं परत विकत घेण्याच्या हमीची ‘नोंदणी’ म्हणून ७,५००. एकूण ४६,८००. इन्क्युबेटरचे ९,२०० यात धरलेले नाहीत.

योजना तुम्हाला माहीत असलेलीच: जनावर आमच्याकडून घ्या, पिल्लं आम्हीच उचलू, गिऱ्हाईक शोधायची कटकट नको. मी काही डोळे मिटून पैसे दिले नव्हते. मादी वर्षाची आणि ४५-५० ग्रॅमची झाल्याशिवाय नराजवळ सोडायची नाही, एका खेपेला बहुधा दोन अंडी, २६ अंशांच्या आसपास उबवली तर बहुतेक माद्या आणि ३२ च्या पुढेमागे बहुतेक नर, एवढं वाचून झालं होतं. म्हणूनच मी नेमकं विचारलं होतं, नर ट्रेम्पर अल्बिनो (अल्बिनो म्हणजे अंगावर काळा रंग नसलेला) म्हणताय, मग माद्या कोणत्या वंशाच्या?

“मॅडम, अल्बिनो तो अल्बिनो. रंग दिसतोय ना?”

इथेच. इथेच विषय संपवायला हवा होता! लेपर्ड गेकोत अल्बिनोचे तीन वेगळे वंश आहेत, ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर. तिन्ही अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तोच गुण आला तरच पिल्लात दिसतो, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. ट्रेम्परला बेल लावलात तर सगळी पिल्लं साध्या रंगाची निघतात. ज्याच्या घरी हे प्राणी खरोखर वाढतात त्याच्या तोंडून असलं वाक्य येणारच नाही. तो उलट आईबापांचे फोटो दाखवून तुम्हाला कंटाळा आणेल. मला ते उत्तर खटकलं होतं. पण लगेच मादीचा वजनकाट्यावरचा फोटो आला, ६२ ग्रॅम, शेपटी अंगठ्याएवढी जाड, आणि मी पुढे विचारलं नाही. तो फोटो भलत्याच मादीचा होता. डोक्यावरचे डाग जुळवून बघत जा, तेही पैसे देण्याआधी, व्हिडिओ कॉलवर.

घरी आलेली मादी माझ्या काट्यावर ४१ ग्रॅम भरली. विचारलं तर म्हणे, “अंडी घालून उतरलीय.” यावर कुणी कसा संशय घ्यायचा? अंडी घालताना माद्या उतरतातच, शेपटीतली चरबीच खर्ची पडते. ही मात्र खायची आणि तरी सुकत चालली. डॉक्टरांनी विष्ठेची पीसीआर तपासणी करवली, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा पोटातला परजीवी निघाला. त्यावर खात्रीचा इलाज नाही, नेहमीच्या जंतुनाशकाला तो दादही देत नाही. मादी गेली. नवीन जनावर निदान तीन महिने वेगळं ठेवा. चिमटा, पाण्याची वाटीसुद्धा वेगळी.

दुसरीने अंडी दिली. चामड्यासारखं कवच चिरून पहिलं डोकं बाहेर आलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. पिवळ्या अंगावर काळेभोर पट्टे, डोळे गडद. अल्बिनोत काळा रंग येतच नाही. दुसरं पिल्लूही तसंच. फोटो पाठवले, तर उत्तर “तुमचं तापमान चुकलं”! तापमानाने पिल्लाचा रंग थोडा गडद-फिका होतो हे खरं आहे, पण अल्बिनोचा साधा गेको होत नाही. हे लिहून कळवलं तेव्हा, हमी ‘फक्त अल्बिनो पिल्लांवर’ होती असं सांगून त्याने मला ब्लॉक केलं. ‘नोंदणी’चे ७,५०० सुद्धा गिळले. पिल्लं विकत घ्यायची म्हणून आगाऊ पैसे तुमच्याकडूनच मागणारा कधीही पिल्लं घेणार नसतो.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “पाल? पैसे देऊन पाल घेतली?” शेजारच्या टेबलावरचे हसले. मग म्हणे, हा दिवाणी मामला आहे, वस्तू तर मिळाली ना तुम्हाला. मेलेली, रोगट मादी म्हणजे वस्तू मिळाली! बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. ज्या साइटवर जाहिरात होती तिने व्यवहार आमच्याबाहेर झाला म्हणून हात झटकले, आणि त्याचं खातं आजही तिथे सुरू आहे. प्राण्यांचं बघणाऱ्या खात्याने पोलिसांकडे पाठवलं, पोलिसांनी पुन्हा त्या खात्याकडे. कुत्र्याच्या बाबतीत हेच घडलं असतं तर निदान कागदावर तरी घेतलं असतं. रोगट जनावर विकणाऱ्याला कुणी साधा फोनसुद्धा केला नाही.

घेणार असाल तर पोटाकडून काढलेला, स्पष्ट फोटो मागा. नराला मागच्या पायांच्या मध्ये उलट्या व्हीसारखी छिद्रांची ओळ दिसते. ‘हेट’ म्हणजे अल्बिनोचा गुण अंगात दडलेलं, पण दिसायला साधं जनावर, म्हणून जास्त पैसे लावत असेल तर आईबाप दाखव म्हणा, कारण हेट नजरेने ओळखू येत नाही. आणि संभाषण खोडू नका. माझ्याकडे सगळं आहे: पावत्या, तपासणीचा अहवाल, तो ६२ ग्रॅमचा फोटो. लेखी अर्ज तयार आहे आणि पोच दिल्याशिवाय या वेळी मी पोलीस ठाण्यातून उठणार नाही.