नळवाली कंपोस्ट बादली: काही महिने वापरल्यानंतर

दुमजली कंपोस्ट बादली म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं घरीच खत करायची बादली. वर झाकण, मध्ये जाळी, खाली पाणी साठायचा कप्पा आणि त्या कप्प्याला नळ. जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो नळाचाच असतो. माझंही निम्मं लिखाण त्याच्यावरच खर्च होणार आहे, कारण परवा तो निखळून हातात आला आणि कप्प्यातलं काळं पाणी फरशीभर झालं. त्या वासाचं वर्णन करत नाही. फरशी तीनदा पुसली, एवढं पुरे.

निखळायच्या आधीही तो धड नव्हताच. आतल्या बाजूने बघा: नळाचं तोंड तळापासून दोन बोटं वर आहे. म्हणजे नळ उघडा ठेवा नाहीतर बंद, तेवढं पाणी खाली साचणार, हवा न मिळता कुजणार आणि त्याचा गाळ बरोबर नळाच्या तोंडात जाऊन बसणार. सुई झाली, तार झाली, जुना टूथब्रश झाला. दर वेळी चार थेंब आले की पुन्हा बंद. वॉशर तर इतका पातळ की पिळून पिळून त्याचा आकारच गेला. ज्याने हे डिझाइन केलं त्याने बादली एकदा तरी घरी नेऊन वापरली असेल का, हा प्रश्न मला अजून पडतो.

ग्राहक सेवेला फोन केला. आधी व्हिडिओ मागितला, मग बिल, मग पुन्हा तोच व्हिडिओ, ‘जरा उजेडात काढून’. शेवटी उत्तर आलं: ‘मॅडम, नळ कन्झ्युमेबलमध्ये येतो. वॉरंटी बादलीची आहे.’ अहो, बादलीला काय होणार आहे? प्लास्टिक आहे ते, माझ्यानंतरही तसंच राहील, तोच तर सगळा घोळ आहे! सुटा नळ मिळत नाही. तळाच्या कप्प्यासकट ‘सेट’ घ्यायचा, आणि त्याला नव्या बादलीच्या जवळपास निम्मे पैसे. पैसे वाचावेत आणि कचराही कमी व्हावा म्हणून मी या भानगडीत पडले. एका वॉशरपायी चांगला कप्पा फेकून नवा घ्यायचा, हे दोन्हींपैकी कशात बसतं ते त्या ताईंनाही सांगता आलं नाही.

इथपर्यंतचं मी रागाच्या भरात लिहून ठेवलं होतं. पुढचं महिन्याभराने लिहितेय आणि मत थोडं बदललंय. बादलीबद्दल बरं झालंय, नळाबद्दल आणखी वाईट.

झालं असं की नळाचं भोक सीलंटने बुजवून टाकलं आणि पाणी साचू नये म्हणून दर थरावर सुका पाला दुप्पट-तिप्पट टाकायला लागले. पाणी यायचंच थांबलं. वास गेला, चिलटं गेली. यात जादू काही नाही. ढिगात ओल साधारण ५० ते ६० टक्के हवी, आणि भाजीची सालं-देठं म्हणजे बहुतेक पाणीच. शिवाय कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. ओल्या कचऱ्यात तो कमी पडतो, सुक्या पाल्यात भरपूर असतो. ओळखायची खूण सोपी: मूठभर माल घट्ट पिळा, एखाद-दुसरा थेंब निघाला तर ठीक, धार लागली तर पाला घाला. अमोनियासारखा उग्र वास म्हणजे कार्बन कमी, सडक्या अंड्यासारखा म्हणजे हवा कमी. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती आपल्याच बाजूची.

म्हणजे नळातून पाणी येतंय याचा अर्थ आत काहीतरी बिघडलंय. आणि कंपनी त्याच पाण्याला माहितीपत्रकात ‘द्रवरूप खत’ म्हणते! हवेविना कुजलेलं ते पाणी झाडांना बाधूही शकतं. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२०च्या दशकात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली, तिचा सगळा भर थर आणि उलथापालथ यांवर होता. नळाशिवाय व्यवस्थित खत होत होतं.

सोबत येणाऱ्या जिवाणूंच्या पावडरीचंही तेच. वास येतो म्हटलं की ग्राहक सेवा सांगते, ‘पावडर वाढवा.’ पावडर संपली की पुन्हा विकत घ्या. जिवाणू पाल्यावर, मातीत, सालींवर आधीच असतात. तयार खताची एक ओंजळ नव्या थरात मिसळली की विरजण लागतं. पहिल्या पाकिटानंतर मी पावडर घेतलेली नाही, फरक शून्य.

फुकट आलेल्या ‘कंपोस्टेबल’ पिशव्यांपैकी एक टाकून बघितली. बाकी सगळ्याची काळी माती झाली, पिशवी मात्र छापील हिरव्या पानासकट अख्खी निघाली. अशा बऱ्याच पिशव्या मोठ्या औद्योगिक प्रकल्पात, साधारण ५८ अंश सेल्सिअसला कुजण्यासाठी असतात. घरची बादली तेवढी तापतच नाही. म्हणून तर खतातून टोमॅटोची रोपंही उगवतात, बिया मरत नाहीत. पिशवीवर ‘होम कंपोस्टेबल’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर ती बादलीत टाकू नका.

आता पैशांचं. खत विकत घ्यायचं वाचतं म्हणून बादलीची किंमत वसूल होईल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भरलेली बादली आटून एवढीशी होते, चार कुंड्यांची सोय. माझे पैसे वाचले ते भलतीकडेच. रोज झाकण उघडलं की आपण काय टाकतो ते समोर दिसतं. मऊ पडलेली अर्धी काकडी, तशीच पिवळी पडलेली कोथिंबीर, कालचं उरलेलं. कचऱ्याच्या पिशवीत गाठ मारून दिलं की हे दिसत नव्हतं. आता भाजी कमी आणते आणि आणलेली संपवते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हेच अन्न कचरा डेपोत दडपलं जातं तेव्हा त्याचा मिथेन होतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापवतो. मला हा आकडा आधी ठाऊक होता, पण हात आखडला तो काकडी बघून.

तेव्हा गुण: कंपोस्टिंगला पाच, या बादलीला दोन, नळाला शून्य. झाकण घट्ट बसतं, जाळी मजबूत आहे, हे मान्य. पण तुम्ही अजून बादली विकत घेतली नसेल तर रंगाच्या दोन जुन्या बादल्या घ्या, धुवा, एकीच्या बाजूंना आणि तळाला भोकं पाडून ती दुसरीत बसवा, मध्ये एक वीट ठेवा. पाला मिळत नसेल तर पुठ्ठा आणि वर्तमानपत्र फाडून चालतं, फक्त चकचकीत कागद नको. लिंबाची सालं बारीक चिरा, नाहीतर महिनोन्‌महिने तशीच दिसतात. अंड्याची टरफलं चुरून टाका. मांस-मासे आणि तेलकट उरलंसुरलं बादलीत नको. आणि आठवड्यातून दोनदा काठीने तळापर्यंत हलवा.